स्क्रिप्ट भिरकावणारे दिग्दर्शक आज चालतील का?

नाट्यविषयक प्रश्नोत्तरांच्या सदरासाठी या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: तालमीतला दिग्दर्शकाचा धाक. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली असून नावं गाळली आहेत.

प्रश्न : जुन्या पिढीतले काही मोठे दिग्दर्शक तालमीत शिव्या घालत, स्क्रिप्ट तोंडावर भिरकावत. तरी त्यांच्या हाताखालून गेलेले नट पुढे नावारूपाला आले. असा माणूस आज टिकला असता का? की आताची मुलंच नाजूक झालीत? (निवृत्त शिक्षक, सांगली)

व्यावसायिक रंगभूमीवर टिकणं अवघड आहे आणि त्यामागे साधा हिशेब आहे. नाटकाला ओळखीचा चेहरा हवा, तो बहुतेक वेळा मालिकेतून येतो, आणि त्याच्या तारखा जुळवताना निर्मात्याच्या नाकी नऊ येतात. अशा नटाला चारचौघांत फाडलं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या तारखा ‘अडकतात’. मग निर्माताच दिग्दर्शकाला बाजूला घेऊन आवरतो. नट नाजूक झालेला नाही, त्याच्या हातात दुसरं काम आहे. ज्याच्या हातात ते नाही, तो आजही ऐकून घेतो. एकांकिका स्पर्धांच्या आणि हौशी संस्थांच्या तालमी पाहा. नाईट (प्रयोगामागे मिळणारं मानधन) नाही, करार नाही, भूमिका देणं आणि काढून घेणं एकाच माणसाच्या हातात, त्यात स्पर्धा पंधरा दिवसांवर. तिथे स्क्रिप्ट अजून भिरकावली जाते.

हिंदी-मराठी रंगभूमीवरचे दिग्दर्शक पंडित सत्यदेव दुबे (१९३६–२०११) यांचं नाव अशा चर्चेत निघतंच. त्यांचा संताप आणि तोंडाळपणा कधी लपलेला नव्हता. त्यांच्याकडे शिकलेल्यांनीच तो मायेनं सांगितला आहे. पण त्याच माणसांनी दुसरंही सांगितलं आहे: शब्दोच्चारांवर घेतलेली मेहनत आणि नवख्या पोरांसाठी खर्चलेला वेळ. नट घडले ते या दुसऱ्या गोष्टीनं. शिव्या हा त्याच माणसाचा स्वभाव होता, म्हणून आठवणीत दोन्ही एकत्र शिजल्या. शिवाय आठवणी लिहितात ते टिकलेले. तिसऱ्या दिवशी घरी गेलेली मुलगी कुठल्या गौरवग्रंथात लेख लिहीत नाही.

‘टिकला असता का’ याचं उत्तर बेल्जियममध्ये कोर्टानंच दिलं. यान फाब्र हा युरोपातला नावाजलेला दिग्दर्शक, त्याची संस्था १९८६ पासूनची. २०१५ मध्ये त्यानं ‘माउंट ऑलिम्पस’ हा २४ तासांचा प्रयोग केला आणि त्यावर कौतुकाचा पाऊस पडला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच्याकडच्या आजी-माजी वीस जणांनी जाहीर पत्र लिहिलं: तालमीतला अपमान, लैंगिक मागण्या, नकार दिला की हातची संधी जाणं. एप्रिल २०२२ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयानं त्याला दोषी धरून १८ महिन्यांची स्थगित कैद सुनावली. म्हणजे माणूस तीस वर्षं टिकला, आणि एकेकटी कुजबुज वीस सह्यांचं पत्र झाली तेव्हा पडला.

प्रश्न : आमचा दिग्दर्शक कॉलेजमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला सीनियर आहे. तालीम रात्री दोनपर्यंत. शब्द चुकला की उठाबशा. कुणी बोललं तर ‘नाटक करायचंय की पिकनिक?’ ही शिस्त की छळ, कसं ओळखायचं? (विद्यार्थिनी, अहिल्यानगर)

उठाबशांनी शब्द पाठ होत नाहीत, त्यामुळे ती शिस्त नव्हे. शिस्त कामाशी बांधलेली असते आणि दिग्दर्शकालाही लागू असते. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. त्यांचा दरारा मोठा, पण तो वेळेचा, स्वच्छतेचा, रंगमंचावरच्या वस्तूंच्या काळजीचा होता. तुमच्या सीनियरला एकच विचारून पाहा: तो स्वतः उशिरा आला तर उठाबशा कोण काढतं?

सूचना कशी दिली जाते त्यावरूनही पारख होते. ‘तुला काही येत नाही, बाईसारखी बाई वाटत नाहीस’ ही सूचना नाही, कारण ती ऐकून नटीनं उद्या वेगळं काय करायचं ते कळत नाही. ‘पत्र वाचताना तिसऱ्या ओळीपासून तू कागदातच बोलतेस. ‘बाबा गेले’ या शब्दांआधी कागद खाली घे आणि खिडकीकडे बघून बोल’ ही सूचना. जागा सांगितली, काय दिसलं ते सांगितलं, काय करून बघायचं ते सांगितलं. रन-थ्रू (न थांबता सलग केलेली तालीम) संपल्यावर सगळ्यांना बसवून, पाणी पिऊन झाल्यावर वीस मिनिटांत अशा पंधरा सूचना देऊन होतात. प्रवेश मध्येच थांबवून दिलेल्या सूचना निम्म्या विसरल्या जातात, कारण नट तेव्हा पुढच्या वाक्याच्या विचारात असतो.

रात्री दोनचं म्हणाल, तर सलग चार तासांच्या पुढे ताजं काही घडत नाही. थकलेला नट चूक तशीच पक्की करतो आणि ती सोडवायला आणखी दोन तालमी जातात. तालमीला तीन तास पुरेत, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी.

कॉलेजच्या नावानं स्पर्धेत उतरणार असाल, तर तालमीची जबाबदारी कॉलेजवर येते. सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांना लेखी कळवा. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. लेखी तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं प्राचार्यांना बंधनकारक आहे. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं.

प्रश्न : काही झालं तरी भीतीमुळे अभिनय टोकदार होतो, हे खरं ना? (हौशी दिग्दर्शक, कुडाळ)

भीतीनं माणसं वेळेवर येतात आणि पाठांतर लवकर होतं. त्यापुढे नुकसानच आहे, आणि ते डोळ्यांनी दिसतं.

घाबरलेल्या नटाचा श्वास छातीत वर अडकतो, खांदे चढतात, जबडा आवळला जातो. हवा पुरत नाही म्हणून वाक्याचा शेवट गळतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नेमका अर्थच गळतो. दिग्दर्शक ओरडतो, ‘मोठ्यानं!’ नट घशातून जोर लावतो आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी आवाज बसतो. अशा वेळी आवाज मागू नये. नटाला आधी सगळा श्वास सोडायला सांगावं, गुडघे सैल करायला सांगावं, मग लांब वाक्य दोन श्वासांत तोडून द्यावं. आवाज आपोआप खाली येतो आणि मागच्या रांगेपर्यंत जातो.

नजरेचंही तसंच. धाकातला नट समोरच्या पात्राकडे बघण्याऐवजी खुर्चीत बसलेल्या दिग्दर्शकाकडे चोरून बघतो. त्यामुळे प्रतिक्रिया अर्ध्या क्षणानं उशिरा येते आणि विनोदी प्रवेश असेल तर हशा हमखास जातो. असा प्रवेश ‘बसत नाही’ म्हणून दिग्दर्शक आणखी चिडतो, नट आणखी चोरून बघतो.

सर्वांत मोठं नुकसान म्हणजे दिग्दर्शकाला माहिती मिळणं बंद होतं. जिना हलतोय, वेषांतराला चाळीस सेकंद पुरत नाहीत, दुसऱ्या अंकातलं वाक्य पहिल्या अंकाशी जुळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. बोलत कुणी नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सचा एक किस्सा सांगतात: कलाकारांना झापत झापत तो एकेक पाऊल मागे सरकत होता, मागे रंगमंचापुढचा, वादक बसतात तो खड्डा होता. अख्खा ताफा समोर उभा, सगळ्यांना खड्डा दिसतोय, आणि कुणी ‘जपून’ म्हणालं नाही. पडला. किस्सा थोडा तिखटमीठ लावलेला असेलही, पण तालमीच्या हॉलमध्ये बसणाऱ्या कुणालाही तो खोटा वाटणार नाही.

आणि दौऱ्याचं काय? पहिल्या काही प्रयोगांनंतर दिग्दर्शक गाडीत नसतो. नाटक धाकावर उभं केलं असेल तर पंचविसाव्या प्रयोगाला ते सैल पडतं. पॉज लांबतात, पदरची वाक्यं घुसतात, लाफ्टरच्या जागा ओढल्या जातात. ज्या नटाला प्रत्येक हालचालीचं कारण ठाऊक आहे, त्याचा शंभरावा प्रयोगही जागेवर राहतो.

प्रश्न : नाटकात नवरा बायकोला थोबाडीत मारतो. दिग्दर्शक म्हणतात खरीच बसली पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला कळतं. (अभिनेत्री, नागपूर)

खरी मारू देऊ नका. तळहात कानावर बसला तर कानाचा पडदा फाटू शकतो आणि बोटं डोळ्यात जाऊ शकतात. तांत्रिकदृष्ट्याही ती वाईटच: दुसऱ्या प्रयोगापासून तुम्ही हात उठण्याआधीच डोळे मिटता, आणि नेमकं तेच प्रेक्षकाला कळतं.

पद्धत अशी. तुमची पाठ प्रेक्षकांकडे, तो समोर. त्याचा हात पूर्ण ताणला तरी बोटांची टोकं तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब राहतील इतकं अंतर ठेवा आणि दोघांच्या पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीनं आखा. आधी नजरानजर, तुमच्या नजरेनं होकार दिल्याशिवाय हात उठत नाही. मग तो हात मागे नेतो. हे ठळक करायचं, कारण मार प्रेक्षकाच्या मनात इथेच बसतो. हात तुमच्या चेहऱ्यासमोरून आडवा जातो, त्याच क्षणी तुम्ही छातीजवळ एक टाळी वाजवता आणि मान त्याच्या हाताच्या दिशेनं फिरवता. टाळी वाजवलेला हात थेट गालावर. पाठ प्रेक्षकांकडे असल्यानं टाळी दिसत नाही, फक्त ऐकू येते.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मान आधी फिरते. टाळी मागाहून येते. आणि भावनेच्या भरात नवरा एक पाऊल पुढे येतो. तिसरं धोक्याचं, चिकटपट्टी त्यासाठीच. पाव वेगात दहा वेळा, अर्ध्या वेगात दहा वेळा, मगच पूर्ण वेग. कुणाला तरी अगदी कडेच्या खुर्चीवर आणि बाल्कनीत बसवून बघायला सांगा, तिथून टाळीचे हात दिसत असतील तर उभं राहण्याचा कोन बदला. प्रत्येक प्रयोगाआधी, सेट लागल्यावर, दोनदा करून बघायचं. पन्नासाव्या प्रयोगालाही.

केस ओढण्याचा प्रसंगही असाच: तो फक्त मूठ डोक्यावर टेकवतो, तुम्ही दोन्ही हातांनी त्याचं मनगट घट्ट धरून मूठ डोक्याशी दाबून ठेवता आणि हालचाल तुम्ही चालवता.

शिकागोत २०१० मध्ये प्रोफाइल्स थिएटरच्या एका नाटकातल्या मारामारीच्या ‘जिवंतपणा’ची समीक्षकांनी वाखाणणी केली होती. २०१६ मध्ये ‘शिकागो रीडर’नं उघड केलं, की ती मारामारी बरीचशी खरीच होती आणि नटीच्या अंगावर वळ उठत होते. आठवड्याभरात ते थिएटर बंद पडलं.

प्रश्न : आमची संस्था आठ जणांची. दिग्दर्शक हेच संस्थाचालक. त्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच करायची का? (पुणे)

नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास विभागात चौकशी करा. तुम्हाला मानधन नसलं तरी फरक पडत नाही, प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवक कायद्यात धरलेले आहेत. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी अर्ज द्यायचा, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. अर्जाच्या सहा प्रती, सोबत मेसेज वगैरे पुरावे आणि साक्षीदारांची नावं. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हा कायदा फक्त स्त्रियांच्या तक्रारीसाठी आहे, आणि फक्त लैंगिक स्वरूपाच्या छळासाठी. नुसत्या आरडाओरड्याला तो लागत नाही. अंगावर हात टाकला, धमकी दिली, तर भारतीय न्याय संहितेखाली पोलिसांत जाता येतं. जातीवरून चारचौघांत अपमान झाला, तर अट्रॉसिटीचा कायदा आहे. बाकी रोजच्या अपमानाला कायद्याचं औषध फार थोडं आहे, त्याला संस्थेचे स्वतःचे नियमच लागतात.

प्रश्न : मग असे नियम किती मोठे करावेत? (नाट्यसंस्थेच्या सचिव, कोल्हापूर)

एक पान. प्रोफाइल्सच्या प्रकरणानंतर शिकागोतल्या नाट्यकर्मींनी डिसेंबर २०१७ मध्ये नियमावली प्रसिद्ध केली, ती बरीच मोठी आहे. आठ-दहा जणांच्या संस्थेला ती झेपणार नाही. त्यातली दोन कलमं तेवढी उचला. एक, नाटकात मारामारी, जवळीक, कपडे उतरवणं असं काही असेल तर ते भूमिका देण्याआधी सांगायचं, रंगीत तालमीच्या दिवशी नाही. दुसरं, नटांनी आपल्यातला एक जण पहिल्याच वाचनाला निवडायचा, दिग्दर्शकाशी बोलायचं असेल तर त्याच्यामार्फत. तो दिग्दर्शकाचा खास माणूस नको, नाहीतर कलम कागदावरच राहतं.

उरलेल्या पानात तालमीच्या वेळा लिहा आणि रात्रीची तालीम शेवटच्या एसटीच्या किंवा लोकलच्या अर्धा तास आधी संपेल असं कलम घाला. एकट्या मुलीला ‘गाडीवर सोडतो’ म्हणण्याची वेळच मग येत नाही. हॉलची किल्ली दोघांकडे असू द्या. पहिल्या वाचनाला चहाआधी सगळ्यांच्या सह्या घ्या, दिग्दर्शकाची सर्वांत वर.