गच्चीवर मासे आणि भाजी एकत्र वाढवायला कुठून शिकावं? वर्षभरात खर्च निघतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घराची गच्ची रिकामी आहे, अ‍ॅक्वापोनिक्स (माशांच्या टाकीतलं पाणी खडीतल्या भाजीला आणि तिथून परत टाकीत) शिकायचं आहे, दोन दिवसांच्या एका वर्गाची फी भरावी का, आणि तिथले लोक सांगतात तसा वर्षभरात खर्च वसूल होतो का.

शेवटचं आधी सांगतो. घरगुती मापात वसूल होत नाही. फी भरायचीही घाई करू नका. मी कराडजवळ घरामागच्या अंगणात बोअरच्या पाण्यावर हे करतो, हौस म्हणून. माझं मत विचाराल तर शिकायचं असतं ते पाणी. मासे आणि भाजी त्याच्या मागून येतात. आणि पाणी दोन दिवसांत कुणी शिकवू शकत नाही, कारण ते तयार व्हायलाच महिना-दीड महिना लागतो.

आपल्याकडे मोरीच्या तोंडाशी अळू नाहीतर केळ लावायची पद्धत जुनीच. सांडपाण्यावर अळू कसं माजतं ते सगळ्यांनी पाहिलंय. इथेही तेच चालतं, फरक इतकाच की झाडाकडून निघालेलं पाणी पुन्हा माशांकडे जातं. सगळी भानगड या परत जाण्यात आहे. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतो. खडीवर आणि पाइपच्या आतल्या अंगाला जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यातले नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा, नायट्रोबॅक्टर हे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशाला विष आणि तिसरं झाडाचं खत. म्हणजे तुम्ही मासे पाळता असं वाटलं तरी खरं पोट सांभाळायचं असतं या जिवाणूंचं.

म्हणून हिशोब माशांच्या नगावर करू नका, रोजच्या खाद्यावर करा. हे तंत्र पद्धतशीरपणे बसवणाऱ्यांत जेम्स राकोसी यांचं नाव मोठं आहे. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात, त्यांनी वर्षानुवर्षं तिलापिया आणि तरंगत्या तराफ्यांवरची भाजी एकत्र काढली. तिथे गोड्या पाण्याचा तुटवडा, त्यामुळे तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवण्याला अर्थ होता. भाजीच्या एका चौरस मीटरला रोज किती ग्रॅम खाद्य, हे माप त्यांच्या कामामुळे रुळलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या मांडणीसाठी दिलेला अंदाज असा आहे: पालेभाजीला चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य, फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम.

आता हे तुमच्या गच्चीवर आणू. ५०० लिटरची टाकी, त्यात पाव-पाव किलोची २० चिलापी (म्हणजे वरची तिलापियाच), म्हणजे ५ किलो मासा. मोठा मासा रोज वजनाच्या साधारण दीड टक्का खातो, म्हणजे ७५ ग्रॅम. तेवढ्यावर पोसेल दीड चौरस मीटर पालेभाजी. जाहिरातीत टाकीशेजारी हिरवागार मळा दाखवतात तिथे हा भागाकार करून बघा.

याच ७५ ग्रॅमची दुसरी बाजू पाहा. ३२ टक्के प्रथिनं असलेल्या १ किलो खाद्यातून अंदाजे ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. ७५ ग्रॅममधून सव्वादोन ग्रॅम. ५०० लिटरमध्ये मिसळला की लिटरमागे साडेचार मिलिग्रॅम, एका दिवसात. जिवाणू नसतील तर दुसऱ्या दिवशी नऊ. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुधा जड म्हणजे क्षार जास्त असलेलं, आणि पीएच (आंबट-क्षारीपणाचं माप, ७ म्हणजे मधलं) ८ च्या आसपास. २८ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरात एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच सहा-सात टक्के होतो. नव्याकोऱ्या टाकीत पहिल्याच आठवड्यात मासे पोट वर करून तरंगतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि दोष मात्र मासे देणाऱ्याला जातो.

तेव्हा पहिला महिना माशांशिवाय काढा. टाकी भरा, पंप चालू करा, चिमूटभर मत्स्यखाद्य रोज कुजायला टाका किंवा बिनवासाचं, बिनसाबणाचं अमोनिया-पाणी मिळालं तर ते थेंबाथेंबाने टाकून अमोनिया लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमवर आणा. ओळखीत कुणाकडे जुनं अ‍ॅक्वेरियम असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंज तुमच्या पाण्यात पिळून घ्या. त्यात जिवाणू आयते असतात. थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच असे चारही रंग त्यात हवेत. यावर पैसे वाचवू नका. रोज एकदा तपासा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. चार ते सहा आठवडे धरा, थंडीत त्याहून जास्त. ही चढउतार स्वतःच्या वहीत एकदा पाहिली की निम्मं अ‍ॅक्वापोनिक्स आलं असं समजा. कुठल्याही वर्गात ते एवढं पक्कं बसत नाही.

मांडणीचं मात्र आधी वजन करा. पुण्यात हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि विकणारे यावर बोलत नाहीत. ३० सेंटिमीटर खोल खडीचा वाफा पाण्यासकट चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलोपर्यंत जातो. ८० सेंटिमीटर खोल टाकी चौरस मीटरला ८०० किलो. नेहमीची राहती इमारत आणि वापरातली गच्ची यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दीडशे ते दोनशे किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून बांधलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवल्याशिवाय टाकी वर चढवू नका, भले ती बीमवर ठेवणार असाल. सोसायटी असेल तर गळतीवरून होणारी भांडणं वेगळीच. जमिनीवर, पार्किंगच्या कडेला किंवा गावच्या घरी जागा असेल तर शिकायला तीच उत्तम.

खडी क्रशरवरची काळ्या दगडाची चालते, वीस एमएमची. कच निघेपर्यंत धुवा. शंका असेल तर दोन-चार खड्यांवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती चुनखडी, पीएच वर चढवत राहील, ती नको. पंप पाणी वाफ्यात टाकतो, वाफा भरला की बेल सायफन नावाची नळी ते आपोआप एकदम खाली ओढते, खडीत हवा शिरते, वाफा पुन्हा भरतो. सायफनचे व्हिडिओ ढीगभर आहेत, त्यावर इथे शाई घालवत नाही. नळाचं पाणी वापरणार असाल तर एक-दोन दिवस उघड्या पिंपात हवा देऊन ठेवा, म्हणजे क्लोरिन उडून जातं.

पाणी तयार झाल्यावर पुढचा खेळ पीएचचा. झाडांना सहाच्या आसपास आवडतो, जिवाणूंना सात ते आठ, म्हणून तडजोड ६.८ ते ७. जिवाणू काम करतात तसं पाणी आपोआप आंबट होत जातं. बोअरच्या जड पाण्यात हे उशिरा जाणवतं आणि लोक निर्धास्त होतात. मग एक दिवस पाण्यातला क्षार संपतो, पीएच भराभर सहाखाली उतरतो, जिवाणू काम टाकतात आणि अमोनिया परत दिसू लागतो. यावर उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडा, तो पाणी आंबट झालं तरच विरघळतो आणि झाडांना कॅल्शियमही देतो. पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून थोडं थोडं दिलं तर पोटॅशही मिळतं. माशाच्या खाद्यातून झाडाला हेच कमी पडतं: पोटॅश, कॅल्शियम आणि लोह. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागा, त्यातही डीटीपीए प्रकारचं, कारण ईडीटीए प्रकारचं सातच्या पीएचला फारसं टिकत नाही. 'सगळी सूक्ष्म अन्नद्रव्यं एकत्र' अशी पुडी आणू नका. त्यात तांबं असतं आणि माशाला ते सोसत नाही.

याच कारणाने मोरचूद, बोर्डो मिश्रण, कीटकनाशकं, साबणाचं पाणी, यातलं काहीही वाफ्याजवळ नको. निंबोळी अर्कसुद्धा पाण्यात उतरला तर माशाला त्रास देतो. मावा दिसला की पिवळे चिकट सापळे लावा, पानं पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, फारच झालं तर झाड उपटून टाका. उलट बाजूनेही तसंच: मासा आजारी पडला म्हणून अँटिबायोटिक टाकलं तर जिवाणू मरतात. आजारी मासा बादलीत वेगळा काढून मगच उपचार करायचे. सेंद्रिय म्हणून मिरवायला हे बरं वाटतं, पण मावा भेंडीवर चढतो तेव्हा हात बांधल्यासारखे वाटतात हेही आधीच सांगतो.

लाइट जाण्याचा बंदोबस्त हवाच. पाणी २० अंशाला असताना त्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. मासा मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतो. एप्रिलच्या रात्री लाइट चार तास गेली तर दाट टाकीतले मासे सकाळी जिवंत दिसणार नाहीत. पाण्याचा पंप थांबला तर चालेल, हवेचा थांबता कामा नये. बॅटरीवर आपोआप चालू होणारा छोटा एअर पंप ठेवा. शिवाय मासे विरळ ठेवा, १००० लिटरला जास्तीत जास्त १० किलो. विरळ टाकी चुका पोटात घालते.

मासे कोणते? पहिल्या खेपेला कोई कार्प किंवा गोल्डफिश घ्या. चिवट असतात, परवानगीची कटकट नाही, आणि खायचे नसल्याने वाढीची घाईही नसते. रोहू-कटला तळ्याचे मासे, ५०० लिटरमध्ये नीट वाढत नाहीत आणि उड्या मारतात. चिलापी या कामाला सगळ्यात सोयीची, पण तिच्या पालनाला मत्स्यव्यवसाय विभागाचे नियम आहेत आणि बीज मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावं लागतं. आधी जिल्ह्याच्या कार्यालयात विचारा. थाई मागूर कुणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, भारतात त्याच्या पालनाला बंदी आहे. कुठलाही टाकीतला मासा नदी-ओढ्यात सोडू नका.

भाजीत आधी पुदिना, पालक, माठ, तुळस. अळू तर इतकं फोफावतं की मुळं सायफनमध्ये शिरतात, लक्ष ठेवा. टोमॅटो-मिरची सहा महिन्यांनी, नायट्रेट स्थिर झाल्यावर. कांदा, बटाटा, गाजर यांच्या वाटेला जाऊ नका.

आता पैसे. वरच्या उदाहरणात महिन्याला सव्वादोन किलो खाद्य जातं. दीड किलो खाद्याला एक किलो वाढ असं चांगलं गुणोत्तर धरलं तरी महिन्याला दीड किलो मासा आणि दीड चौरस मीटर पालेभाजी हाती येते. ४० वॅटचा पाण्याचा पंप आणि २० वॅटचा हवेचा, दोन्ही चोवीस तास, म्हणजे महिन्याला ४३ युनिट वीज. तुमच्या बिलाचा दर लावा, खाद्य मिळवा, मंडईतला भाव वजा करा. पंप, टाकी, खडी, किट यांचा खर्च तर अजून धरलेलाच नाही.

मोठ्या मापावरही चित्र फार गोड नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २५७ व्यावसायिक अ‍ॅक्वापोनिक्सवाल्यांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात आधीच्या १२ महिन्यांत नफ्यात होते ३१ टक्के. बहुतेक जण अमेरिकेतले, तेव्हा आकडा जसाच्या तसा इथे लावू नका. उबदार हवामान असलेल्यांना नफ्याची शक्यता जास्त दिसली, म्हणजे त्या बाबतीत आपलं बरं आहे. पण नफ्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट त्यात निघाली: मासे-भाजीखेरीज इतर काही विकणं. साहित्य, सल्ला, कार्यशाळा, पर्यटन वगैरे. तुम्हाला वर्षभरात वसुलीचं आश्वासन देणाऱ्याला एवढंच विचारा की त्याचं स्वतःचं गेल्या वर्षीचं उत्पन्न मासळी-भाजीतून किती आणि फीमधून किती. उत्तर मोकळेपणाने मिळालं, आणि वर्गात त्यांच्या पाण्याची वही पाहायला मिळणार असेल, तर खुशाल जा. पद्धतशीर शिकायचं असेल तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांची छोटी प्रशिक्षणं जाहीर होतात का यावर नजर ठेवा.

सुरुवात पावसाळ्यात करा. गच्चीचं पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या, पुढचं साठवा. ते मऊ आणि बिनक्लोरिनचं असतं. पण नुसतं पावसाचं वापरू नका, त्यात क्षार नसल्याने पीएच टिकत नाही. निम्मं बोअरचं मिसळा. जुलैत पाणी फिरवायला लागलात तर ऑगस्टअखेर जिवाणू बसतील, सप्टेंबरात बोटुकली (माशांची बोटभर पिलं) सोडता येईल आणि ऑक्टोबरात पालक लावता येईल. बोटुकली आणलेली पिशवी आधी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला, आणि पहिल्या दिवशी खायला काही देऊ नका.