जुन्या ड्रमसेटचा पिवळा पडलेला पांढरा रॅप काढून लाल स्पार्कल लावावा का? (ठाणे)

रॅप, म्हणजे ड्रमच्या लाकडावर चिकटवलेलं रंगीत प्लॅस्टिकचं आवरण, नका काढू, अगदी मनापासून सांगतो. आपल्याकडे बेंजो पार्टी आणि ऑर्केस्ट्रामुळे लाल-सोनेरी चमक म्हणजेच भारी, असं डोळ्यांत बसलंय. स्टेजच्या दिव्यांखाली ती खुलतेही. पण जुन्या सेटची आवड प्रांताप्रांतानुसार बदलते. अमेरिकेत स्विंग जॅझच्या काळापासून व्हाइट मरीन पर्लचा, म्हणजे मोत्यासारख्या पांढऱ्या रॅपचा दबदबा, ड्रमर जीन क्रुपाच्या स्लिंगरलँड कंपनीच्या सेटमुळे तर जास्तच. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारने १९६३ मध्ये लंडनच्या दुकानातून काळ्या ऑयस्टर पर्ल रॅपचा लुडविग कंपनीचा सेट घेतला, १९६४ मध्ये त्याच रंगाच्या लुडविगवर तो अमेरिकन टीव्हीवर दिसला आणि त्या रंगाला जगभर मागणी आली. जर्मन सोनॉर कंपनीचा सेट म्हटलं की मात्र अनेकांना रोझवूडसारखं लाकडी व्हिनियरच (लाकडाचा पातळ थर) हवं असतं.

तुमचा पिवळेपणा म्हणजे घाण नाही. तेव्हाचे बरेच रॅप नायट्रोसेल्युलोज या जुन्या प्लॅस्टिकचे असत. ऊन आणि वयामुळे ते पिवळे पडतात. निळा स्पार्कल तर चक्क हिरवट दिसू लागतो. एक लग (ड्रमच्या बाजूला बसवलेला, ताणाचा स्क्रू धरणारा धातूचा तुकडा) सोडवून बघा, त्याखाली मूळ पांढरा रंग दिसेल. ही खूण रॅप अस्सल असल्याचा चांगला पुरावा आहे, आणि जाणकार गिऱ्हाईक त्यासाठीच जास्त पैसे मोजतं. नवा रॅप चढवलात की ती किंमत गेली.

ठाण्याच्या दमट हवेत खरी काळजी जोडाची, म्हणजे रॅपची दोन टोकं मिळतात त्या जागेची. तिथे रॅप उचलला असेल तर पातळ ग्लू लावून रात्रभर दाबून ठेवा. सेट खिडकीपासून लांब ठेवा आणि थिनर अजिबात लावू नका, रॅप विरघळेल.