ट्रिमला हवी स्ट्रिंग, मिळतो अ‍ॅरे

प्रश्न : आमची वेबसाइट पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवरून ८ वर नेल्यापासून शोधाचं पान अधूनमधून ५०० एरर देतं. लॉगमध्ये टाइपएरर (चुकीच्या प्रकारचं मूल्य दिल्याची एरर) दिसते : कडेच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या ट्रिम फंक्शनच्या पहिल्या आर्ग्युमेंटला स्ट्रिंग (मजकूर) हवी, अ‍ॅरे (मूल्यांची यादी) मिळाला. शोधाच्या चौकटीत तर साधा मजकूरच टाइप होतो. मग अ‍ॅरे येतो कुठून? सगळीकडे स्ट्रिंग कास्ट (जबरदस्तीने स्ट्रिंगमध्ये रूपांतर) लावून टाकू का?

उत्तर : येतो यूआरएलमधून. पॅरामीटरच्या नावाला [] जोडलं की पीएचपी त्याचा अ‍ॅरे करते, आणि असा यूआरएल कोणीही हाताने लिहू शकतं. वेबसाइटमधल्या कच्च्या जागा हुडकणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) तर हेच करत फिरतात. दोष जुनाच आहे. ७.४ मध्ये ट्रिम नुसती वॉर्निंग देऊन नल (‘काहीच नाही’ हे मूल्य) परत करायचं आणि पान रेटून पुढे जायचं. ८.० पासून तिथेच टाइपएरर फेकली जाते.

कास्ट मुळीच लावू नका. अ‍ॅरेवर स्ट्रिंग कास्ट केला की इंग्रजीतला ‘अ‍ॅरे’ हा शब्दच हाती येतो आणि शोध त्याचाच होतो. इंट (पूर्णांक) कास्ट तर घातकच : रिकामा नसलेला कुठलाही अ‍ॅरे १ होतो, म्हणजे आयडीच्या जागी आला तर मुकाट्याने १ क्रमांकाची नोंद उघडते! ?? (मूल्य नसेल तर पर्यायी मूल्य देणारं चिन्ह) वापरूनही भागत नाही, ते फक्त नल किंवा गायब पॅरामीटर सांभाळतं.

शोधशब्द आत घेतानाच इज_स्ट्रिंगने तपासा, मग ट्रिम करा. आकड्यांसाठी फिल्टर_इनपुटला फिल्टर_व्हॅलिडेट_इंट (फक्त पूर्णांक मान्य करणारा फिल्टर) द्या, सोबत मिन_रेंज (किमान मूल्य) १. पॅरामीटर नसेल तर नल मिळतं, चुकीचा किंवा अ‍ॅरे असेल तर फॉल्स. (देवनागरी आकडेही हा फिल्टर नाकारतो.) तुलना === नेच करा; == ला नल, फॉल्स आणि ० सारखेच. चुकीच्या विनंतीला ४०० द्या. ५०० म्हणजे चूक आपली.

प्रश्न : स्ट्रिक्ट_टाइप्स चालू केलं तर सुटेल?

उत्तर : नाही. ट्रिमला अ‍ॅरे कुठल्याच मोडमध्ये चालत नाही. स्ट्रिक्ट_टाइप्स स्केलर (आकडा, स्ट्रिंग अशा एकेकट्या मूल्यांच्या) प्रकारांचं आपोआप होणारं रूपांतर थांबवतं, तेही ज्या फाइलमध्ये लिहिलंय तिथून केलेल्या कॉलपुरतं. उलट एरर वाढतील : यूआरएलमधला आकडाही स्ट्रिंग म्हणूनच येतो, तो थेट इंट मागणाऱ्या फंक्शनला दिला की पुन्हा टाइपएरर. आधी वरची तपासणी बसवा, मग फाइलमागून फाइल ते चालू करा. आणि सगळं पान ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या रचनेत) गुंडाळून टाइपएरर गिळू नका. तुमच्याच कोडमधल्या चुकाही त्यात गडप होतील.