दिल तंग, ईसीजी नॉर्मल

प्रश्न: ताई, आमच्या बिल्डिंगमधे काबूलहून आलेली एक बाई भाड्याने राहते, नवरा तिकडेच अडकलाय, सोबत ११ वर्षांचा मुलगा. रात्र रात्र झोपत नाही, सारखं म्हणते 'दिल तंग है'. मी घाबरून डॉक्टरकडे नेलं, ईसीजी नॉर्मल. मोठ्या हॉस्पिटलला चल म्हटलं तर नको म्हणते, कागदावर वेडी लिहिलं तर व्हिसाला अडकवतील म्हणे. सगळं मुलगाच आम्हाला समजावून सांगतो. काय करू?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर: ईसीजी काढलात ते बरंच केलंत, आधी छातीचं बघायलाच हवं होतं. पण तिकडच्या फारसीत, म्हणजे दारीत, दिल तंग होणं म्हणजे आपल्या माणसांच्या आठवणीने जीव कासावीस होणं, ते छातीचं दुखणं नाहीच (तंग शब्द आपलाही, म्हणून तर फसलो!). डॉक्टरांना तिचे शब्द सांगा आणि हा अर्थही सांगा.

तिची भीती उगीच नाहीये. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, मग या बायकांना प्रत्येक कागदाचीच धास्ती वाटणार ना. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिलाय, फक्त नागरिकांना नाही, आणि डॉक्टरशी झालेलं बोलणं गुप्त ठेवायचं बंधनही त्यातच आहे. व्हिसाचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही, त्यासाठी यूएनएचसीआरच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेच्या, दिल्ली ऑफिसला विचारायला सांगा, तिथे नाव नोंदवलंय का तेही बघा.

सायन हॉस्पिटल तुम्हाला जवळ, तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. लगेच जायला तयार नसेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, दिवसरात्र, हिंदीत बोलता येतं. जगणं नको असं काही बोलली तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टीला न्या.

आता मला खटकलेली गोष्ट. मुलाला दुभाषा करू नका प्लीज. आई पोरासमोर रडायचंही टाळेल, खरं तर काहीच सांगणार नाही, आणि जे सांगेल ते त्या पोराला आधी ऐकून मग स्वतःच्या तोंडाने बोलावं लागेल. मोडक्यातोडक्या हिंदीत चालेल, नाहीतर दारी भाषा येणारी एखादी बाई फोनवर घ्या, तिच्या नात्यातली नको. तुम्हीही 'तिकडे काय झालं' असं खोदून विचारू नका, चहाला बोलवा, बाजारात सोबत न्या, ती बोलेल तेव्हा बोलेल.

ओपीडी सकाळची असते. मुलगा शाळेत गेला की निघा.