नकाशाची शंका: किनारा ७२० किमी की ८७८?

प्रश्न : ताई नमस्कार, मी एमपीएससीची तयारी करतेय. शाळेच्या पुस्तकातून महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किमी पाठ केली होती, एका नोट्समध्ये ६५२.६ दिलंय, आणि आता क्लासचे सर म्हणतात ८७७.९७ लिहा. इतक्या वर्षांत समुद्र काही एवढा हलला नाही ना, मग खरं कुठलं धरायचं? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुझी शंका एकदम बरोबर आहे आणि खरं सांगू, पाठ करणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना ती पडतच नाही याचं मला वाईट वाटतं. किनारा आहे तिथेच आहे, मोजताना वापरलेला नकाशा बदललाय.

६५२.६ हा केंद्राचा जुना आकडा, १९७० च्या दशकातल्या मोजणीचा. तेव्हा अख्ख्या देशाचा किनारा ७,५१६.६ किमी निघाला होता आणि त्यासाठी वापरलेल्या नकाशाचं स्केल होतं १:४५,००,०००. म्हणजे कागदावर १ मिलिमीटर तर जमिनीवर साडेचार किलोमीटर! आता तुझ्याच भागातली दाभोळची खाडी घे, किंवा वरची बाणकोटची, त्या खाडीचं तोंड अशा नकाशावर मिलिमीटरभरही भरत नाही, मग नकाशा काढणारा काय करणार, तो एका काठावरून दुसऱ्या काठावर सरळ रेघ ओढून पुढे जाणार, आणि आतली सगळी वळणं, पुळणी, छोटी भूशिरं त्या रेघेत गायब. नवीन मोजणी केली १:२,५०,००० च्या नकाशावरून, इथे १ मिलिमीटर म्हणजे फक्त २५० मीटर, त्यामुळे रेघ खाडीत शिरते, वळसा घालून बाहेर येते, आणि तेवढी लांबी वाढते. देशाचा आकडा झाला ११,०९८.८१ किमी आणि आपला ८७७.९७.

गंमत पुढे आहे. सगळ्या राज्यांचे आकडे सारख्या प्रमाणात वाढले नाहीत. केरळचा किनारा बराचसा सरळ, तो ५६९.७ वरून ६००.१५ वर गेला, फार फरक नाही. पश्चिम बंगाल मात्र १५७.५ वरून थेट ७२१.०२, कारण सुंदरबनमध्ये खाड्यांचं नुसतं जाळं आहे. समुद्र कुठे किनारा खातो, कुठे गाळ आणून टाकतो हे खरंय, पण त्याने कुठलाही किनारा साडेचार पट होत नाही. जिथे किनारा जास्त तुटका तिथे स्केलचा फरक जास्त, एवढं डोक्यात बसलं की हे टेबल पाठ करावं लागत नाही, ते आपोआप समजतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. लुईस रिचर्डसन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाला दिसलं की स्पेन आणि पोर्तुगाल आपली एकच सामाईक सीमा वेगवेगळी सांगतात, एक म्हणतो ९८७ किमी, दुसरा १,२१४. पुढे १९६७ मध्ये मँडेलब्रॉट या गणितज्ञाने ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवर लेख लिहिला तो याच धाग्यावर : मोजायची पट्टी जितकी छोटी घ्याल तितकी लांबी वाढतच जाते, 'अंतिम' आकडा असा नसतोच.

आणि हो, मोबाईलवर नकाशा झूम केला म्हणून तो जास्त अचूक होत नाही, ती गैरसमजूत फार पसरलीय. १:२,५०,००० च्या नकाशावरून काढलेली रेघ कितीही मोठी करून बघा, तपशील तेवढाच राहतो. म्हणून कुठलाही डेटा उचलताना कोणी मोजला, कधी, कुठल्या स्केलवर, आणि किनारा असेल तर भरतीची रेषा धरली की ओहोटीची, एवढं बघायचंच. आपल्या कोकणात चिखलाचे सपाट पट्टे आहेत, तिथे भरती-ओहोटीच्या रेषांत खूप अंतर पडतं.

परीक्षेत राज्याच्या पाठ्यपुस्तकाचा संदर्भ असेल तर ७२०, केंद्राच्या सुधारित आकड्याबद्दल विचारलं तर ८७७.९७. पण जिथे लिहायला जागा असेल तिथे आकड्यासोबत स्केलही लिही, माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : कळसूबाईवर गेलो होतो. उंची १६४६ मीटर असं सगळीकडे लिहिलंय पण माझ्या ॲपने १५८० च्या आसपास दाखवली. मोबाईल खराब आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही हो, मोबाईल चांगला असणार. १६४६ ही समुद्रसपाटीपासूनची उंची. जीपीएस मात्र पृथ्वीचा जो गुळगुळीत गणिती आकार धरतं त्यापासून मोजतं, आणि आपल्या भागात सरासरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. काही ॲप ही दुरुस्ती करून दाखवतात, काही करत नाहीत, सेटिंग बघा. शिवाय जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा कमीच अचूक असते.

प्रश्न : ऑनलाइन गाव नकाशा सॅटेलाइटवर टाकून बघितला तर आमचा बांध शेजारच्या गटात ८-१० मीटर सरकलेला दिसतो. चुलतभाऊ म्हणतो अतिक्रमण आहे. काय करावं? (वाचक, संगमनेर)

उत्तर : दादा, आधी दोघंही शांत व्हा, त्या चित्रावरून अतिक्रमण सिद्ध होत नाही. गावाचा मूळ नकाशा साखळीने मोजून कागदावर काढलेला, तो कागद वर्षानुवर्षांत आकसला, मग स्कॅन झाला, मग कोणीतरी त्यावरून रेघा काढल्या, मग तो सॅटेलाइट फोटोवर बसवला, आणि प्रत्येक पायरीला थोडी थोडी चूक जमा होत गेली. नकाशा १:१०,००० चा असेल तर अर्ध्या मिलिमीटरची रेघच जमिनीवर ५ मीटर जागा खाते! वर फोटोही स्वतः थोडा सरकलेला असू शकतो. मोबाईल घेऊन बांधावर उभं राहूनही उपयोग नाही, मोकळ्या आभाळाखाली त्याची चूक पाचेक मीटर धरावी लागते.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. आता मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या आधारे मोजणाऱ्या यंत्राने होते, तो सेंटिमीटरच्या हिशोबात बिंदू देतो. मोजणीच्या दिवशी चुलतभावालाही हजर ठेवा, खुणा दोघांसमोर होऊ द्या, आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा अधिकृत नकाशा, हातात येईपर्यंत बांधाला कोणीच फावडं लावू नका.