बाबांचा टेम्पो आणि मालवाहू विमान

कोपरखैरण्याच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. बी.कॉम.चं दुसरं वर्ष, वडिलांचा तुर्भ्याच्या मार्केटातून माल नेणारा टेम्पो. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून एअर कार्गोचा दीड लाखाचा डिप्लोमा करायचं तिच्या मनात आहे. ती विचारते, "छोटं विमान स्वस्त पडतं, म्हणून आता गावोगावी कार्गो विमानं जाणार आणि तिथे नोकऱ्या निघणार, असं क्लासवाले सांगतात. खरं आहे का?"

अगं, छोट्या विमानाची फेरी स्वस्त असते, किलोचा भाव नव्हे. एटीआर-72 चं मालवाहू विमान आठेक टन नेतं, बोइंग 737-800 वीसच्या वर. वैमानिक दोन्हीकडे दोनच. समजण्यापुरते आकडे धर: छोट्याची फेरी 3 लाख 20 हजारांना, मोठ्याची 6 लाखांना. भरून गेली तर छोटं किलोला 40 रुपये, मोठं 30. पण मोठ्याला दहाच टन मिळाला की तेच 60 वर जातं. म्हणजे विमान केवढं घ्यायचं, हे त्या गावातून रोज किती माल निघतो त्यावर ठरतं.

आणि येताना काय? बाबांना विचार, नाशिकला माल टाकून रिकामा टेम्पो आणताना जीव कसा तुटतो. परतीचं भाडं मिळालं नाही तर जातानाच्या गिऱ्हाइकाकडून दोन्ही वेळचं डिझेल काढावं लागतं. विमानाचंही तसंच, फक्त इंधन कितीतरी महाग.

त्यात प्रवासी विमानाच्या पोटातही माल जातो. ते विमान प्रवाशांसाठी उडणारच असतं, म्हणून त्याला कमी भाव परवडतो. खाली रस्ता आहेच: जून 2025 पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत पूर्ण खुला आहे, 701 किलोमीटर. संध्याकाळी सुटलेला ट्रक सकाळी नागपुरात असेल तर विमानाचे पैसे कोण देईल? औषधं, मोबाइल, तातडीची पार्सलं, एवढंच. म्हणून गावोगावीचं स्वप्न मला पटत नाही. नवी मुंबईचं मात्र पटतं. तिथे पहिल्याच टप्प्यात वर्षाला 5 लाख टन मालाची सोय धरली आहे आणि जेएनपीए बंदर जवळ आहे.

आता डिप्लोमा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या एका संस्थेत पैसे भरलेला माझा विद्यार्थी शेवटी मॉलमध्ये बिलिंगला बसला. तू आधी बी.कॉम. पूर्ण कर. सुट्टीत वाशीतल्या एखाद्या फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे लोकांचा माल विमानाने-जहाजाने पाठवायची व्यवस्था करणाऱ्याकडे, दोन महिने बस, पगार कमी असला तरी. तिथे खोका मोजायला, म्हणजे त्याच्या आकारावरून बिलाचं वजन काढायला शिकशील: 60 × 50 × 40 सेंटिमीटर भागिले 6000, म्हणजे 20 किलो. आत सहा किलोचे वेफर्स असले तरी बिल विसाचंच. जागा कोण खातं, हे ज्याला कळतं त्याला भाव लावायच्या टेबलावर घेतात, आणि बी.कॉम.वाल्यांनी तिथेच जावं असं मला वाटतं. आवडलं तर मग धोकादायक मालाचा मान्यताप्राप्त छोटा कोर्स कर. त्याचं प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं, तो खर्चही धर.

तोवर आठवडाभर बाबांच्या टेम्पोची वही लिही: जाताना किती किलो, येताना किती, डिझेल किती. ती वही घेऊन ठाण्याला ये, समोर बसून बोलू.