पुतळ्याला मिशी आहे

"मॅडम, आईला काही आजार झालाय का, तेवढं सांगा." फोन उचलल्या उचलल्या हेच. बोलणारी ३६ वर्षांची, पुण्यात नोकरीला, माहेर सातारा जिल्ह्यात. तिचा थोरला भाऊ १९९९ च्या कारगिल युद्धात गेला, वयाच्या २२ व्या वर्षी. गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे. दर २६ जुलैला शाळेची पोरं येतात, साहेबलोक येतात, हार घालतात. आणि आई घरात आतून कडी लावून बसते. २०२४ ला पंचवीस वर्षं होणार म्हणून मोठा कार्यक्रम ठरला, तर आईनं जूनमध्येच सांगून टाकलं, "मी न्हाय यायची." गावात कुजबुज सुरू : पोराचा मान ठेवत नाही म्हातारी.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"इतकी वर्षं झाली, अजून कसं सावरत नाही?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमीचाच. जवानाच्या घरात मात्र त्याला आणखी एक पीळ असतो. तिथे दुःखावर अभिमानाचं झाकण बसवलेलं असतं, तेही घट्ट. आमच्या जिल्ह्यात जरा जास्तच. इथे 'अपशिंगे मिलिटरी' असं गावाचं नावच आहे. जवानाची आई चारचौघांत रडली तर शेजारची बाई कोपरानं खुणावते.

मीही वेगळं काही केलं नाही. आई, म्हणजे आक्का, मुलीबरोबर आल्या आणि मी म्हणाले, "तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल!" त्यांनी पदर नीट केला, "व्हय" म्हणाल्या आणि पुढची वीस मिनिटं खिडकीतून रस्त्यावरच्या एसट्या बघत बसल्या. इतकी वर्षं या कामात काढून तोंडातून हेच निघालं!

पुढच्या भेटीत मी विचारलं, "त्याला काय आवडायचं नाही हो?"

"कारलं," आक्का म्हणाल्या. "आन् सकाळी उठवल्यालं."

लेक फिस्सकन हसली. मग तासभर तोच पोरगा खोलीत होता. दहावीला गणितात गचकलेला, विहिरीत वरच्या थारोळ्यावरून उडी मारणारा, भरतीत एकदा छाती भरली नाही म्हणून परत आलेला आणि घरी न सांगता पुन्हा गेलेला. बोलता बोलता आक्का थांबल्या.

"त्येला मिशी न्हवती. पुतळ्याला मिशी हाय."

झालं होतं असं, की पुतळा करणाऱ्याला ओळखपत्रावरचा एवढासा फोटो दिला होता. फौजी म्हटल्यावर त्यानं झुबकेदार मिशी लावून दिली, रुबाबदार वाटते म्हणून. घरी कुणी विचारलं नाही. मुलगी म्हणाली, "अगं, मिशीचं काय एवढं?" मलाही क्षणभर तसंच वाटलं.

आक्का सांगत गेल्या तसं कळलं. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच व्हायचे. घरी यायची तार, आणि मागून ट्रंक. कारगिलला ५२७ जवान कामी आले आणि त्या वेळी पहिल्यांदा शवपेट्या अशा गावोगावी पोचल्या. यांच्याही दारात आली, तिरंग्यात गुंडाळलेली. अख्खा पंचक्रोशीचा लोंढा, घोषणा, बंदुकांची सलामी. आक्का पुढे झाल्या तर बायकांनी दोन्ही दंड धरले, "नका बघू, न्हाय बघवायचं." चांगल्या मनानंच धरले असणार. पण चेहरा पाहायचा राहिला तो राहिलाच.

त्यामुळे आक्कांकडे शेवटचा चेहरा आहे तो स्टँडवरचा. मे महिन्यात रजा अर्धी टाकून परत बोलावणं आलं, तेव्हा एसटीच्या खिडकीतला. "तेवढाच हाय माझ्याकडं. ह्या मिशीवाल्याला बघत ऱ्हायले तर त्यो पुसंल."

लेकीचं तोंड पाहण्यासारखं झालं. पंचवीस वर्षं ती समजत होती की आईला आठवण नकोय.

आता आजाराचं. शोक लांबून आजार होतो, हे खरं आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या यादीत जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची नोंदही केली आहे. पण त्यात नुसती वर्षं मोजत नाहीत. सहा महिन्यांच्या पुढेही माणूस त्या ओढीत, त्या वेदनेत अडकलेलं आहे आणि रोजचं जगणं ठप्प झालंय का, हे बघतात. आक्का दोन म्हशी सांभाळतात, डेअरीवाल्याशी फॅटवरून भांडतात, रात्री झोपतात. अन्न सुटलं असतं, "मीच त्याला धाडला" असं घोकणं किंवा मरणाची भाषा सुरू असती, तर मी त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं. गेलेल्याशी नातं तोडलं की माणूस बरं होतं, ही जुनी समजूत. मुलं गमावलेल्या आईबापांबरोबर वर्षानुवर्षं बसलेल्या डेनिस क्लास या अमेरिकी संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ती मोडीत काढली. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. आक्कांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणून काम दिलं ते लेकीला. "कार्यक्रमाला चल" म्हणणं बंद, आणि दादाबद्दल विचारणं सुरू.

जुलैत तिचा फोन आला, आवाज बसलेला. माळ्यावरची काळी ट्रंक दोघींनी खाली काढली होती. दाढीचं सामान, एक स्वेटर, आणि आक्कांनीच जपून ठेवलेली आंतरदेशीय पत्रं, मागे लष्करी टपालाचा पत्ता, '५६ एपीओ'. एका पत्रात तीर्थरूप, साष्टांग नमस्कार झाल्यावर लगेच, 'म्हैस व्याली का? रेडी का रेडा ते कळव. तायडीला सायकल शिकू दे, पडली तर पडू दे.'

"मला हे माहीतच नव्हतं," तायडी म्हणाली.

२६ जुलैला चौकात हारबिर झाले. आक्का गेल्या नाहीत. नंतर शाळेच्या हॉलमध्ये मात्र आल्या आणि दारातच बसल्या, चप्पल न काढता. तायडीनं पत्र वाचलं. म्हशीपाशी पोरं खिदळली, पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. सातवीतला एक पोरगा उभा राहिला, "मग काय झालं, रेडी का रेडा?"

तायडीला काही सांगता येईना.

"रेडी," दारातून आक्का म्हणाल्या.